मॅडमच्या बाटलीची प्लेट

मेहविशनं काचेची प्लेट उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली आणि झटकन खाली घेतली. मग खिडकीकडे पाठ करून, ओढणीच्या आडोशाला, तिनं ती पुन्हा पाहिली. पांढऱ्या ठिपक्यांमध्ये लाल ठिपके होते. काही तर अर्धे लाल, अर्धे गुलाबी. एखादा लाल ठिपका कुठल्याही प्लेटमध्ये चुकून सापडतो, त्याचं कुणी मनावर घेत नाही. इथे मात्र त्यांनी दाटी केली होती.

"काय दिसतंय गं?"

खिडकीच्या गजांपलीकडे व्हरांड्यात पंकजा मॅडम उभ्या होत्या. दिवस गेल्याचं कळल्यापासून त्यांनी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नव्हतं. श्रीगोंद्याच्या त्या लहानशा कॉलेजात मेहविशचा एम.एस्सी.चा प्रकल्प त्या अशा व्हरांड्यातूनच चालवत होत्या. आत मेहविश एकटी, बाहेर त्या, मधे गज. त्यांच्या हातात पाण्याची स्टीलची बाटली.

"सगळं पांढरं आहे, मॅडम," मेहविश म्हणाली आणि तिनं ती प्लेट चळतीच्या तळाशी सरकवली.

मेहविश काही सत्याची पुतळी नव्हती. घरी आणि मैत्रिणींत ती सोयीनुसार थापा मारायची. पण प्रयोगाच्या बाबतीत ती आजवर खोटं बोलली नव्हती, आणि मॅडमशी तर नाहीच. मॅडमनी मान हलवली, बाटलीचं टोपण उघडलं आणि त्या दोन घोट पाणी प्यायल्या. तळाशी सरकवलेली प्लेट त्याच बाटलीतल्या पाण्याची होती.

प्रकल्प तसा साधा होता. तालुक्यात लिंबाच्या बागा उदंड, आणि बागांवर तऱ्हेतऱ्हेची औषधं आणि टॉनिकं मारली जातात. ती कृषी सेवा केंद्रांतून आणायची आणि यीस्टवर तपासायची. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारा तोच जीव. त्याच्या पेशीतही गुणसूत्रं असतात, आणि या कामासाठी जी जात वापरतात तिच्यात ती माणसासारखी जोडीजोडीनं असतात. जोड्या शाबूत असल्या तर प्लेटवर पांढरे ठिपके वाढतात. एखाद्या रसायनानं गुणसूत्रं तोडली, तुटके तुकडे भलतीकडे सांधले गेले, की ठिपका लाल उठतो. नुसत्या डोळ्यांना दिसतं. मेहविशला सुरुवातीला या गोष्टीची फार गंमत वाटली होती. एवढासा जीव, पण काही पोटात ठेवत नाही, असं ती मैत्रिणींना सांगायची.

मॅडमना त्यात गंमत वाटत नव्हती. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात नगरला सोनोग्राफी करताना डॉक्टर बोलता बोलता गप्प झाले होते. बाळाचं हृदय नीट घडलंच नव्हतं. गुणसूत्रांतला दोष असावा, असं कधी कधी होतं, कारण सांगता येत नाही, असं ते म्हणाले. ते बाळ गेलं. घरच्यांनी ते नशिबावर घातलं. मॅडमना तेवढ्यावर सुटका नव्हती. त्या वर्षी तुलनेच्या प्लेटांसाठी त्या एक रसायन हाताळत होत्या, ज्याचं कामच गुणसूत्रं मोडणं. हातमोजे होते, तोंडावर मास्क होता, सगळं नियमानं होतं. तरीही एकदा व्हरांड्यात, वर्ग सुटल्यावर, त्या मेहविशला म्हणाल्या होत्या, "माझ्याच हातांनी झालं गं ते." नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट त्यांनी आपल्याला सांगितली, याचं मेहविशला तेव्हा ओझं वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला.

आता मॅडम खुर्ची पुसून बसायच्या. दाराच्या कडीला रुमालानं हात लावायच्या. खडू हातात घेण्याआधी त्याच्याकडे बघत राहायच्या. ते बघवेना म्हणून मेहविशनं आपल्या मनानं एक काम केलं. मॅडमची खुर्ची, टेबल, दाराची कडी, स्टाफरूममधला पाण्याचा जार, जे जे त्यांच्या हाताला लागतं त्याचं तिनं पुसून, धुऊन पाणी काढलं, हीटरवर आटवलं, यीस्टला पाजलं आणि प्लेटा टाकल्या. त्यांच्यासमोर पांढऱ्या प्लेटांची रांग लावायची, बघा मॅडम, कुठे काही नाही, म्हणायचं, एवढाच तिचा बेत होता. रांग भरगच्च दिसावी म्हणून तिनं बाटलीतलं पाणीही घेतलं होतं. खुर्ची पांढरी निघाली, टेबल, कडी आणि जारही पांढरे निघाले, आणि जिच्याबद्दल तिच्या मनात शंकाही नव्हती ती बाटली अशी निघाली.

आपलीच काही गफलत असेल, म्हणून मेहविशनं तपासणी पुन्हा केली. या खेपेला तिनं बाटलीच्या पाण्याच्या प्लेटा तेवढ्या वेगळ्या ठेवल्या, पिपेट नवी घेतली, हात कोपरापर्यंत धुतले. प्लेटा तयार व्हायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस मॅडम तहानलेल्या राहणार नव्हत्या. म्हणून रोज त्या वर्गावर गेल्या की मेहविश स्टाफरूममध्ये शिरायची, बाटली मोरीत रिकामी करायची, घासायची आणि जारच्या पाण्यानं भरायची. मॅडमच्या सासूबाई पाण्यात वाळा घालत असत. चव बदलू नये म्हणून मेहविशनं बाजारातून वाळ्याची जुडी आणली आणि ती पर्समध्ये लपवली. चोरून काय, तर पाणी भरायचं. तिला स्वतःचंच हसू यायला हवं होतं, पण मोरीपाशी उभी असताना ती सारखी दाराकडे बघायची.

"आज वाळा जरा कमीच आहे," एकदा मॅडम घोट घेऊन म्हणाल्या.

मेहविशनं खाली वाकून चपलेचा पट्टा लावला. तो लागलेलाच होता.

"घरचं पाणी तुम्ही भरता, मॅडम?"

"मी कुठली? आई भरतात. मला बाटलीला हातही लावू देत नाहीत. बाहेरचं पाणी पिऊ नको म्हणून रोज बजावतात." मॅडम हसल्या. "आमच्या आईंचा माझ्यापेक्षा जास्त जीव आहे या बाळावर."

दुसऱ्या प्लेटाही लाल निघाल्या. मेहविशला आता रात्री झोप लागेना आणि सकाळी कॉलेजला यावंसं वाटेना. तिला बोअरची शंका आली. बागेला मारलेलं सगळं शेवटी जमिनीतच मुरतं. तुलनेला गावाकडचं पाणी हवंय असं सांगून तिनं मॅडमकडून त्यांच्या वस्तीवरच्या बोअरचं पाणी कॅनमध्ये मागवलं. बोअरचं पाणी स्वच्छ निघालं. प्लेटा इतक्या पांढऱ्या की एरवी तिनं आनंदानं फोटो काढला असता.

बोअरमधून निघालेलं पाणी चांगलं होतं आणि बाटलीतून निघालेलं वाईट होतं. मधे एक बाई होती.

मेहविशनं बाटलीतलं घरून आलेलं पाणी पुन्हा एकदा हीटरवर आटवायला ठेवलं आणि या वेळी ती शेजारून हलली नाही. आधी वाळ्याचा वास आला आणि उडून गेला. मग तळाशी उरलेल्या तपकिरी पाण्यातून दुसरा वास वर आला, ओशट, खारट, सुकटीच्या टोपलीसारखा. हा वास तिच्या ओळखीचा होता. मागच्या फळीवर नमुन्यांच्या रांगेत एक हिरवा कॅन होता. त्याच्यावर पिवळ्याधमक लिंबांचं चित्र होतं आणि शंभर टक्के सेंद्रिय असं लिहिलं होतं. लिंबाची फळगळ थांबवणारं टॉनिक. समुद्री शेवाळाचा अर्क म्हणून विकतात, आत आणखी काय मिसळलेलं असतं ते विकणाराच जाणे. सगळ्या नमुन्यांत सर्वांत लाल प्लेटा त्याच कॅननं दिल्या होत्या. मेहविशनं कॅनचं टोपण उघडून वास घेतला आणि टोपण तसंच हातात धरून ती स्टुलावर बसली.

मॅडमच्या पाण्यात कुणीतरी बागेचं औषध घालत होतं. टीव्हीवरच्या मालिकेत असलं काही दाखवलं तर ती चॅनल बदलायची. मॅडमना सांगावं, तर त्यांचं ब्लडप्रेशर आधीच वर, डॉक्टरांनी दगदग नको म्हणून बजावलेलं. न सांगावं, तर आपण कॉलेजात बाटली बदलतो, पण घरी संध्याकाळी आणि सकाळी काय होत असेल? मॅडमच्या नवऱ्याला सांगायचं, तर त्याच्या आईबद्दल काय म्हणून सांगायचं? आणि चुकलो तर?

तिचे अब्बा खाजाभाई यांचं एस.टी. स्टँडजवळ बॅटऱ्यांचं दुकान होतं. तिच्या प्रयोगांना लागणारं डिस्टिल्ड वॉटर तेच पुरवायचे. संध्याकाळी कॅन भरता भरता तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"लोकांच्या घरातली गोष्ट आहे, बेटा," ते हळूच म्हणाले. "तू मुलगी, त्यातून आपण असे. उद्या उलटं झालं तर सगळं तुझ्यावर येईल. म्हणतील, हिनंच पाण्यात काही केलं. रोज बाटलीला हात तूच लावतेस ना?"

हे मेहविशच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती इतकी घाबरली की तिला कॅनचं झाकणही लावता येईना. खाजाभाईंनी ते लावून दिलं. मग गिऱ्हाईक नसतानाही काउंटर पुसत राहिले.

"पण मॅडम बिचारी..." एवढंच ते शेवटी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेहविश ठरवून गेली की आज मॅडमना सांगायचं. प्रयोगशाळेसमोरच्या बाकावर एक म्हातारी बसलेली होती. नऊवारी लुगडं, पायांत धुळीनं माखलेल्या चपला, मनगटांवर लिंबाच्या काट्यांचे ओरखडे. मांडीवर पदरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. पदराच्या टोकातून स्टील चमकलं आणि मेहविशचे पाय जागच्या जागी थांबले.

"तू मेहविश न्हवं का? तुझं लई नाव घेती आमची पंकजा. मी मुक्ताबाई, तिची सासू." म्हातारी तोंडभर हसली. "आज परीक्षेचं काम हाय म्हनून घाईनं निघाली आन् बाटली ठिवूनच आली बघ. म्हनलं, एस्टीनं जाऊन द्यून येते. भाईरचं कुठलं पानी पिली म्हंजे?"

"मॅडम वर्गात आहेत," मेहविश म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परका वाटला.

"असू दे. बसते मी."

व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. मेहविशनं दाराची चौकट धरली. लागलंच तर आत जाऊन कडी लावता येईल, असा एक वेडा विचार तिच्या मनात आला.

"मावशी, या पाण्यात काय घालता तुम्ही?"

"वाळा."

"आणि?"

मुक्ताबाईनं व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मेहविश एक पाऊल मागं सरकली. म्हातारी मात्र पुढं झुकली आणि तिनं आवाज खाली आणला.

"तिला सांगायचं न्हाई, बरं का. शिकल्याली मानसं, पटायचं न्हाई तिला. टोपनभर टॉनिक घालते. आमच्या बागंचंच हाय, ते फळगळीचं."

मेहविशनं मान खाली घातली. मुक्ताबाईला तो होकार वाटला असावा.

"आगं, तीन सालामागं आमच्या लिंबाचा बहार धरायचाच न्हाई. सकाळी झाडाखाली बघावं तर बारक्या बारक्या फळांचा नुसता सडा. मंग कंपनीचा एक मानूस आल्ता. देवळाम्होरं समद्यांला बसवून त्यानं सांगितलं. आन् पह्यलं टोपन सोता पिला की तो! आमच्या डोळ्यांदेखत. म्हनला, लेकराला पाजा, काई व्हायचं न्हाई, निस्ता झाडपाला हाय. त्ये मारलं, आन् त्या साली एक फळ गळलं न्हाई बघ." तिनं बाटलीवरून हात फिरवला. "माझ्या मनात आलं, झाडाचं धरतंय, तर बाईचं का धरनार न्हाई? मागल्या खेपेला मला उशिरा सुचलं. तिसरा महिना सरून गेल्ता. म्हनून हुकलं ते. या वख्ताला पयल्या दिसापासनं देतीया. रोज. एक दिस चुकवला न्हाई."

सांगताना तिचे डोळे भरून आले होते. मेहविशनं आदल्या रात्रीच त्या बाईला स्वप्नात कॅन घेऊन उभी पाहिली होती, आणि समोर ही अशी बाई बसली होती. तिचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. भीती मात्र तसूभरही कमी झाली नाही, उलट वाढली. पहिल्या दिवसापासून, असं म्हातारी म्हणाली होती.

"मावशी, आत या."

तिनं मुक्ताबाईला प्रयोगशाळेत नेलं, स्टुलावर बसवलं आणि तिच्यासमोर टेबलावर दोन प्लेटा ठेवल्या.

"हे यीस्ट आहे. जिवंत असतं. याला तुमच्या बोअरचं पाणी दिलं." तिनं पांढरी प्लेट पुढं केली. "आणि याला या बाटलीतलं. जे लाल दिसतंय ना, तिथं आतली घडण मोडलीय. सगळे ठिपके असे पांढरे असायला हवे होते."

मुक्ताबाईनं प्लेट उचलली नाही. ती वाकून बराच वेळ बघत राहिली. उभा जन्म तिनं पानांवरचे डाग बघण्यात घालवला होता, तिला आणखी समजावून सांगावं लागलं नाही. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू केली आणि निघून गेलं.

"म्हंजे मागलं..." ती म्हणाली. "त्ये माझ्यानं?"

"तसं सांगता येत नाही, मावशी. हे यीस्ट आहे, माणूस नाही. आणि तेव्हा तुम्ही उशिरा सुरू केलं होतं. दोष त्याच्या आधीचाही असेल. खरंच सांगता येत नाही. कुणालाच."

"आन् ह्ये?"

मेहविशनं लाल प्लेट बाजूला सरकवली. मग म्हणाली, "आजच बंद करायचं. आणि डॉक्टरांना सांगायला हवं. मॅडमना सांगितल्याशिवाय ते होणार नाही. मला भीती वाटते, मावशी. त्यांना आधीच वाटतं की मागचं बाळ त्यांच्यामुळे गेलं."

"कुनामुळं?"

"त्यांच्यामुळे. इथली रसायनं त्यांच्या हातानं हाताळली, म्हणून. रोज त्याच विचारात असतात."

मुक्ताबाईनं मान वर केली. घरात सून कधी रडली असेल, कधी जेवली नसेल, ते सगळं तिला आत्ता कळतंय, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "आमाला कदी बोलली न्हाई," ती म्हणाली. "दोन वर्सं झाली."

वर्ग सुटल्याचा गलका झाला. जिन्यावरून मुलं धडधडत उतरली आणि त्यांच्यामागून पंकजा मॅडमची सावकाश पावलं व्हरांड्यात आली. खिडकीशी येऊन त्या थांबल्या. सासूला आत, प्लेटांसमोर बसलेली पाहून त्यांना आधी हसू आलं आणि मग ते पुसलं गेलं.

"आई? तुम्ही इथं कशा? आत कशाला गेलात? काय झालं, मेहविश?"

मेहविशनं बोलायला तोंड उघडलं. मुक्ताबाईनं तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"तू न्हाई," ती म्हणाली. "मी सांगते."

ती उठली, लुगड्याचा ओचा नीट केला आणि बाहेर व्हरांड्यात गेली. बाटली टेबलावर तशीच राहिली. तिनं सुनेला हाताला धरून बाकावर बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर खाली फरशीवर बसली. मॅडम "आई, असं काय, वर बसा" म्हणत राहिल्या, पण ती वर बसली नाही.

"डाक्तरकडं जायाचं हाय आपल्याला, आत्ताच. का ते सांगते. पन त्याच्या आदी मागल्याचं ऐक." तिचा श्वास लागला होता. "मागलं लेकरू तुझ्या हातानं न्हाई गेलं, पंकजा. माझ्या हातानं गेलं. मला म्हाईत हाय."

दारात उभ्या असलेल्या मेहविशला ठाऊक होतं की हे असं सिद्ध झालेलं नाही आणि कधी होणारही नाही. मॅडमनी सासूवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं, खरं काय ते विचारावं तसं.

मेहविशनं मान हलवली. हो, म्हणाली.